प्रल्हादच्या श्राद्धाचे पाहुणे

शारजा, रविवार, २८ फेब्रुवारी १९९९

रुपेशची साखर वाढलीय. माझ्या लेकाला जिभेवर ताबा नाही, आणि धंदा जेवणाचा! सविताच्या, म्हणजे सूनबाईच्या, गुडघ्याला सूज. नातू अंश सारखा शिंकतो — इंजिनियर झाला पण एसीखाली उघड्या अंगाने झोपू नये एवढं कळत नाही. मी ठणठणीत. जुनं लाकूड लवकर जळत नाही. आणि तू बरा आहेस ना रे कागदा?

काय करू, मला लिहायचं म्हणजे एवढंच येतं. माझी शाळा चौथीत सुटली. धाकटा लेक प्रल्हाद बोटीवर लागला तेव्हा त्याच्याच जुन्या पुस्तकांवरून अक्षरं गिरवून शिकले. शिकले ते पत्र. आधी सगळ्यांची तब्येत, शेवटी ‘उत्तर लवकर धाड’. उत्तर देणारा जाऊन बारा वर्षं झाली. सवय मेली नाही.

आज मात्र तब्येतींवर थांबता येत नाही.

रुपेश रास अल खोरच्या आपल्या किचनमधून नाचतच घरी आला. “आई, यल्ला, कमर कसा! अबू धाबीला हत्यारांचं प्रदर्शन भरतंय. एका बड्या कंपनीचं डिनर आपल्याला मिळालं! त्यांना इंडियन पाहिजे, पण हॉटेलवालं नको, घरचं पाहिजे. मी म्हटलं, साहेब, माझी आई आहे ना!”

कंपनीचं कार्ड माझ्या हातात दिलं. त्यावर ससाणा. पंख मिटून खाली झेपावणारा, पंजात तीन बाण.

तो ससाणा मी ओळखते. देव्हाऱ्याखालच्या डब्यात, प्रल्हादच्या फडक्यात गुंडाळून ठेवलाय तो मी.


सोमवार, १ मार्च

आज होळी. इथे रस्त्यात पेटवता येत नाही. सविताने गॅलरीत तव्यावर कापूर जाळला, नारळ ठेवला. वॉचमन धावत वर — “मादाम, फायर अलार्म!” अंश हसून हसून लोळला. मी नाही हसले. नाव प्रल्हाद ठेवलं होतं मी. गोष्टीतला आगीतून वाचतो.

संध्याकाळी केरूला बोलावून घेतलं. केरू आमच्याच गावचा, दाभोळच्या खाडीकाठचा. प्रल्हादच्याच बोटीवर होता, तो वाचला. दोन्ही हात भाजले, बोटं चिकटून बसली. आता रास अल खोरला गोदामावर राखणदार आहे. डब्यातला तो तुकडा त्यानेच मला आणून दिलेला. डेकवर सापडलेला, तळव्याएवढा, कडा वितळलेल्या, मधोमध ठसा.

कार्ड आणि तुकडा शेजारी ठेवले. केरूने चिकटलेल्या बोटांनी ठसा चाचपला.

“तोच काकी. मिसाईल इराकच्या विमानाने सोडलं, पण बनवलं ह्यांनीच.”

“बोट इराकच्या दुश्मनाची होती का रे?”

“कुठची! झेंडा पनामाचा, मालक ग्रीक, तेल जपानला चाललेलं.”

आणि जळला कोण, तर दाभोळचा पोरगा, इंजिनात तेल घालणारा. हाती देह आला नाही. गवताचा पुतळा करून जाळला आम्ही.

एवढं होऊन ती कंपनी बुडाली म्हणावं, तर नाही! नव्वद साली तोच इराक कुवेतात घुसला. आजूबाजूचे सगळे भेदरले. मग कंपनीची हीच माणसं बॅगा घेऊन त्यांच्या दारात. आधी चोराच्या हातात पहार द्यायची, मग आळीभर कुलपं विकत फिरायचं. आणि कुलूप घेतलेल्याच्या शेजाऱ्याला परत हळूच नवी पहार. गेल्या डिसेंबरात टीव्हीवर बगदाद पेटलेलं बघितलं, तेव्हासुद्धा मनात हेच — ह्यातलं किती जळतंय ते ह्यांनीच विकलेलं, आणि जाळतंय तेही ह्यांचंच.

आता मला म्हणतात, जेवायला वाढ.

वाढते.


बुधवार, ३ मार्च

जमालगोटा इथे कुठे मिळत असेल?


गुरुवार, ४ मार्च

छे छे! अन्नाशी बेइमानी होणार नाही माझ्याच्याने. रुपेशचा धंदा बुडेल, ही भीती नंतरची. पण ज्या हाताने आयुष्यभर भुकेल्याला वाढलं, त्या हाताने अन्न नासवायचं? माझी आई वरून थोबाडीत मारेल.

पण सोडणार नाही. चूल बघेन, वखत बघेन, काहीतरी सुचेल. डाव्या डोळ्याची पापणी फडफडतेय.


शनिवार, ६ मार्च

सुचलं!

कॅलेंडर बघितलं. डिनर चौदा तारखेला. त्या दिवशी फाल्गुन वद्य द्वादशी. प्रल्हादची तिथी!

साहेबांनो, या. तुम्हाला माझ्या लेकाचं श्राद्धच जेवायला घालते. काळ्या वाटाण्यांचं सांबारं, वडे, खीर, लाल भोपळा, गवार, अळू, आमसुलाची चटणी. कांदा-लसूण औषधाला नाही. एक पदार्थ इकडचा तिकडे नाही. तुम्ही मिटक्या मारत खाल, आणि मी समोर उभी राहून बघेन. तुम्हाला कळणार नाही. मला कळेल, प्रल्हादला कळेल. त्याचं मरण खाऊनच मोठे झालात ना? मग उघड उघड खा, माझ्यादेखत. घशाखाली उतरताना बघायचंय मला.

कित्येक वर्षांनी आज मला भूक लागली. दोन भाकऱ्या खाल्ल्या.


मंगळवार, ९ मार्च

मेनूवरून रुपेशशी जुंपली.

“आई, बटर चिकन नाही, बिर्याणी नाही, काळे वाटाणे? दे विल किल मी!”

“त्यांना घरचं पाहिजे म्हणालास. हेच आमच्या घरचं.”

“हे तर…” थांबला. माझ्याकडे बघितलं. खुळा नाही माझा रुपेश. प्रल्हाद त्याच्या पाठचा. तिथी त्यालाही माहीत आहे. पण ससाण्याचं मी त्याला कधी दाखवलेलं नाही. त्याला वाटलं, आईला तिथीचं वाईट वाटतंय, त्या निमित्ताने स्वयंपाक होईल.

“बरं,” म्हणाला, “चिकन एका कोपऱ्यात ठेवू. बाकी तुमचं. पण टेबलावर फुलं, रांगोळी?”

“रांगोळी नाही.”

श्राद्धाच्या पानाभोवती रांगोळी काढत नाहीत. त्याने यादीतून रांगोळी खोडली. सविताने मात्र हळूच मान वर करून माझ्याकडे बघितलं.


शनिवार, १३ मार्च

उडीद भिजत घातले. किचनमधली पोरं मल्याळी, पंजाबी. त्यांना वडे थापायला शिकवले. “अम्मा, होल क्यूं करते बीच में?” म्हटलं, बेटा, यही रिवाज है. श्राद्धाच्या एकेका वड्याला भोक पाडताना दात आवळत होते मी.


सोमवार, १५ मार्च

काल दमून आले ती आडवीच झाले. आज सगळं लिहिते.

अबू धाबीला जाताना शारजाच्या ट्रॅफिकने जीव घेतला. गाडी तसूभर हलेना. अंश चालवत होता — वाढायला माणूस कमी पडलं म्हणून रुपेशने त्यालाही आणलेला. गेटवर गळ्यात पास अडकवले. आत शिरलो तर जत्रा! जत्रेत पाळणे असतात तसे रणगाडे मांडलेले. पोरीबाळी हसून कागद वाटतायत. कुणी तोफेच्या नळीवरून हात फिरवतोय, बैल घेताना पुठ्ठ्यावरून फिरवतात तसा.

कंपनीच्या स्टॉलमागे पांढरा तंबू, तिथे डिनर. मोठा साहेब निळा टाय लावलेला, गालाला खळी. नाव त्याने सांगितलं पण माझ्या जिभेवर बसलं नाही. लगबगीने पुढे आला, हात जोडून “नमस्ते!” म्हणाला. त्याला शिंगं असतील असं वाटलं होतं मला. शेजारच्या बँकेतल्या मॅनेजरसारखा दिसतो मेला!

जेवणाआधी मोठ्या पडद्यावर फिल्म लावली. निळा समुद्र. लांबून काहीतरी येतं पाण्याला घासून, पातळ, सुईसारखं. एक जहाज. मग ज्वाळा. खाली मोठ्या अक्षरांत काहीतरी.

“अंश, काय लिहिलंय रे?”

“कॉम्बॅट प्रूव्हन, आजी. मीन्स, खऱ्या वॉरमध्ये यूज झालंय. इट वर्क्स.”

इट वर्क्स!

ते जहाज प्रल्हादचं होतं की आणखी कुणाच्या लेकाचं, कोण सांगणार. जळताना सगळी सारखीच दिसतात. पडदा काळा झाला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कंदुरे, म्हणजे ते पांढरे अरबी झगे, घातलेल्यांनी, वर्दीवाल्यांनी, टायवाल्यांनी. मी सांबाऱ्याचं भांडं धरून उभी. भांडं उकळतं होतं, हात पोळला, तरी सोडलं नाही.

मग वाढलं. दुसऱ्या कुणाला वाढू दिलं नाही. एकेक पळी ताटात पडताना मनात म्हणत होते — घे, प्रल्हादचा डोळा. घे, प्रल्हादचा हात. घे, त्याचं लग्न ठरलेलं ते. खा!

आणि खाल्लं त्यांनी! बटर चिकन कोपऱ्यात थंड पडलं. निळ्या टायवाल्याने पाच वडे खाल्ले. सांबारं संपलं तर ब्रेडने वाटी पुसली. माझ्याकडे येऊन म्हणाला, “मादाम! व्हॉट डू यू कॉल धिस मील?”

मी त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, “श्राद्ध.”

“श्राद! ब्यूटिफुल!” आणि ग्लास वर करून सगळ्यांना ओरडून — “टू श्राद!”

सगळे उठले. “टू श्राद!”

हसू की रडू कळेना. अंश माझ्याकडे विचित्र बघत होता. त्याला श्राद्ध म्हणजे काय ते अर्धंमुर्धंच माहीत. तंबूमागे कचऱ्याच्या डब्यांपाशी कावळ्यासाठी एक पान ठेवून आले. कावळा नाही, मांजर आलं. तेही तृप्त होऊन गेलं.

निघताना साहेबाने अंशच्या खांद्यावर हात टाकला. “युवर ग्रँडसन? इंजिनियर? कम अँड सी अस!” आणि खिशातून कार्ड. वर ससाणा.

तरी सांगते कागदा, काल घरी येताना वाटलं, थोडं फेडलं मी. अगदी थोडं. पण फेडलं.


मंगळवार, १६ मार्च

केरूला फोनवर सगळं सांगितलं. वाटलं, पाठीवर थाप देईल. तो नुसतं ‘हं’ म्हणाला.

“अरे बोल की!”

“काकी… काय केलंत हो तुम्ही?”

“काय केलं?”

“श्राद्धाला जेवायला बसतो तो कोण? पितर! आपण त्याला पाटावर बसवतो, पोटभर वाढतो, त्याच्या पाया पडतो. तुम्ही प्रल्हादच्या पाटावर त्याला मारणाऱ्याला बसवलात. आणि तो तृप्त झाला म्हणता! तृप्त पितर काय करतो?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आशीर्वाद देतो, काकी. तुमचा वंश वाढो म्हणतो. आता त्याचा आशीर्वाद लागला तुमच्या घराला.”

फोन ठेवला. खरं आहे त्याचं. चाळीस वर्षं श्राद्धं रांधली मी. सासऱ्यांची, नवऱ्याची, पोराची. पानातला क्रम पाठ, वड्याचं भोक पाठ. आणि पाटावर कोण बसतं, एवढंच विसरले! सुडाने माणूस आंधळं होतं म्हणतात. मी तर चुलीसमोर डोळे उघडे ठेवून आंधळी झाले.

हात धुतले. परत धुतले. आमसुलाचा वास जात नाही.


बुधवार, १७ मार्च

समोरच्या स्टॉलवाल्या कंपनीचा रुपेशला फोन. त्यांनाही ‘श्राद बुफे’ पाहिजे!

“आई, ही ससाण्यावाली बाण विकते, समोरची ढाल विकते,” रुपेश सांगतो. “दोघांचे स्टॉल समोरासमोर. आणि दोघांची गिऱ्हाइकं एकमेकांचे शेजारी. हॅहॅहॅ!”

हसतो! वर म्हणतो, मेनू कार्डावरच छापू का, श्राद?

तुला रांधायचं तर रांध, मी चूल पेटवणार नाही, म्हटलं.


गुरुवार, १८ मार्च — गुढीपाडवा

गॅलरीत गुढी उभारली. कडुनिंब खाली रस्त्यावरचाच, इथे मोप आहे. आज पहिल्यांदा तो मला कडू लागला नाही. तोंड आधीच कडू होतं.

अंशला ससाण्याच्या कंपनीत नोकरी देऊ केलीय! सहा महिने तिकडे, त्यांच्या देशात ट्रेनिंग. सविता पेढे वाटत आली. “आई, तुमच्या हाताच्या चवीनं लागली हो नोकरी!”

आशीर्वाद फळला. पितर प्रसन्न झाले. केरूच्या तोंडात साखर घालू की निखारा?

अंशला खोलीत बोलावलं. “जाऊ नकोस,” म्हटलं.

“आजी, इट्स डिफेन्स. सगळ्यांकडे वेपन्स असले ना, देन नोबडी अटॅक्स. बॅलन्स राहतो. वर्ल्ड इज सेफर.”

“आळीतल्या प्रत्येकाच्या हातात कोयता दिला तर आळी शांत राहते?”

“इन अ वे, येस. कोण डेअर करणार?”

“मग तुझ्या काकाच्या हातात काय होतं? तेलाची बरणी! त्याने कुणाशी डेअर केलेलं?”

“काका तर… अॅक्सिडेंट होता ना?”

घरात त्याला तेच सांगितलेलं. लहान होता तेव्हा, मग राहूनच गेलं. मी देव्हाऱ्याखालून डबा काढला, फडकं सोडलं. त्याने खिशातलं कार्ड काढलं. माझ्यासारखंच, शेजारी शेजारी ठेवलं.

दोन्ही ससाणे ताडून बघितले. मग म्हणाला, “कॅन आय होल्ड इट?”

दोन्ही हातांत धरून बसला होता. धार लागेल रे, म्हटलं. वाटलं, सुटलो. पोरगा आता जात नाही.


शुक्रवार, २ एप्रिल

जातोय.

सही करून आला. मला तोंड दाखवायला आला नाही, सविताकडून कळलं. सगळं बघून, हातात धरून, तरी जातोय! इंजिनियरची मोठी खोली, मोठी गाडी, आणि काका काय, बारा वर्षांपूर्वीचा, फोटोतला!

आता ऐक कागदा. ससाणा परका. परक्याचा राग एका जागी ठेवता येतो. घरचा फितूर झाला की कुठे ठेवायचा? त्याच्या आवडीच्या नारळाच्या वड्या आज केलेल्या. सगळ्या खालच्या पठाण ड्रायव्हरला देऊन टाकल्या.


रविवार, ११ एप्रिल

अंशशी बोलत नाही. तो दारात येऊन उभा राहतो, मी भाजी निवडते. रुपेश म्हणतो, “खलास करा आई, मिटवून टाका, एकुलता नातू आहे.” तो जेवायला बसला की मी उठते. माझ्या पाटावर पुरे झाले त्यांचे लोक.


शुक्रवार, २३ एप्रिल

विमानतळावर गेले. सविताच्या शब्दाखातर. तोंड फिरवून उभी राहिले. तो पाया पडायला वाकला, उठताना कानाशी लागून काहीतरी पुटपुटला. मराठीत! जन्मात पहिल्यांदा अख्खं वाक्य मराठीत. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आशीर्वाद दिला नाही.


शनिवार, २४ एप्रिल

सकाळी दिवा लावताना डबा हलका लागला. उघडला. फडकं आहे. तुकडा नाही.

काल काय म्हणाला ते आत्ता कानात उतरलं — “आजी, तू जेवायला घातलंस, मी आतूनच बघतो कुणी विकलं ते. काकाचा हिशोब मी करतो.”

कागदा, बाजूला हो. हे तुला नाही.

अंश, बाळा. तब्येत कशी आहे? शिंका थांबल्या का? थंडी असेल, अंगावर घेऊन झोप. वड्या केल्या होत्या, तुला दिल्या नाहीत. परत करीन. मी जे पेटवलं ते तू उचलून नेलंस, तुझे हात कोवळे आहेत रे. तो तुकडा तिथल्या समुद्रात टाक. मला कुणाचं काही घ्यायचं नाही. एक पोरगा त्या ससाण्याला दिला, दुसरा देणार नाही. तू तेवढा ये. उत्तर लवकर धाड.